रेकॉर्डच्या शेवटचं नाव

"ह्यात माझी आई आहे का, तेवढं बघा."

असं म्हणून त्या बाईंनी माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात एक काळी रेकॉर्ड गुंडाळलेली होती. बाई साठीच्या पुढच्या, काटक, हातात छत्री आणि खांद्याला शबनम. कोल्हापूरहून पहाटेची एस.टी. पकडून पुण्यात माझ्या प्रयोगशाळेत आल्या होत्या आणि बसा म्हटल्याशिवाय बसल्या नव्हत्या.

"तुम्ही यमुनाताई म्हापणकर ना? मंडळाचं पत्र आलंय मला."

"त्यांनी काय लिहिलंय?"

"की तुमचा एक दावा आहे."

"दावाबिवा काही नाही," त्या म्हणाल्या. "दावा करायला मला खात्री तरी पाहिजे की. मी विचारायला आलेय."

हे १९८७ सालचं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि गाताना माणसाच्या घशात नेमकं काय होतं ह्या विषयावर नुकतीच डॉक्टरेट मिळवली होती. पुण्यात गाण्याबद्दल बोलणारे पुष्कळ, पण गाणं मोजणारी मी एकटीच, अशी माझी समजूत होती आणि ती मी फारशी लपवतही नसे. सांगलीच्या मास्टर पुंडलिक स्मृती मंडळाचं पत्र आलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. प्रश्न आवाजाचा होता, तो माझ्याकडे येणारच.

मास्टर पुंडलिक हे जुन्या संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करणारे नट. त्या वर्षी त्यांची जन्मशताब्दी होती आणि मंडळ त्यांच्या जुन्या रेकॉर्डींची एक कॅसेट काढणार होतं. त्यातलं एक पद १९१६ सालचं, सगळ्यांत गाजलेलं. यमुनाताईंनी मंडळाला पत्र लिहून विचारलं होतं की हे पद खरं तर माझ्या आईनं गायलेलं असू शकेल का. मंडळाचे कार्यवाह अण्णासाहेब राजोपाध्ये मास्टरांचे सख्खे भाचे. ते भडकले. पण माणूस कायद्याचा, निवृत्त सरकारी वकील. त्यांनी उलट लिहिलं की विज्ञानाला विचारू, ते काय म्हणेल ते दोघांनी मान्य करायचं. आणि विज्ञान म्हणून माझा पत्ता दिला.

"आई तुमची मास्टरांच्या नाटक कंपनीत होती?" मी विचारलं.

"तुळसाबाई म्हापणकर. मास्टरांना पदं बसवून द्यायची. ती आधी गाऊन दाखवायची, मग ते उचलायचे. आई गेली एकाहत्तर साली. तेव्हा कंपनीतले एक म्हातारे तबलजी भेटायला आले होते. ते म्हणाले, रेकॉर्डच्या दिवशी मास्टरांचा घसा धरला होता, रेकॉर्ड करणारे साहेब लोक दुसऱ्या दिवशी परत जाणार होते, म्हणून तुझ्या आईला उभं केलं. आता ते तबलजीही नाहीत. आणि आईच्या ट्रंकेत तळाला ही सापडली. आमच्या घरात ग्रामोफोन कधीच नव्हता बघा. मग ही कशाला जपली तिनं?"

"पण आवाज ऐकून तुम्हाला कळेलच की."

त्यांनी मान हलवली. "आई गाताना मी ऐकलीच नाही कधी. वकीलसाहेबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तिला घर करून दिलं तेव्हा गाणं बंद, अशी अट होती. मी त्यानंतरची. ते वारले तरी ती गायली नाही. पन्नास वर्षं एका घरात राहिलो आम्ही, एकदा गुणगुणताना पण सापडली नाही."

हे त्यांनी अगदी सपाट सांगितलं, शाळेतल्या बाईंनी हजेरीचा आकडा सांगावा तसं. त्या खरंच शाळेतल्या बाई होत्या, तीस वर्षं प्राथमिक शाळेत. मीही त्यात काही फार गुंतले नाही. मला रेकॉर्डवर ओरखडे किती आहेत ह्याची काळजी होती.

आमचे तंत्रज्ञ कांबळे यांनी रेकॉर्ड पुसून तबकडीवर ठेवली. तीन मिनिटांचं पद, पेटी आणि तबल्याची साथ. आवाज धारदार, पण बाईचा की बाईचं सोंग घेतलेल्या पुरुषाचा, हे कानाला ठरवता येऊ नये असा. पद संपल्यावर क्षणभर नुसती खरखर, आणि मग तोच आवाज घाईघाईनं बोलला: "मास्टर पुंडलिक."

त्या काळची ही रीत होती. रेकॉर्डी छापायला दूर जात. छापणाऱ्याला भाषा कळत नसे, गाणारा माहीत नसे. कुठली चकती कुणाची ह्याचा घोळ होऊ नये म्हणून गाणारा शेवटी भोंग्यात आपलं नाव ओरडून सांगे.

"हे मी शेजारच्यांच्या रेकॉर्ड प्लेअरवर ऐकलंय," यमुनाताई म्हणाल्या. "मला काही उमगलं नाही."

"तुम्हाला नाही उमगणार," मी म्हटलं. "यंत्राला उमगेल."

हे वाक्य मला अजून आठवतं. तेव्हा मला ते चांगलं वाटलं होतं.

काम कसं होतं ते थोडक्यात सांगते. घशापासून ओठांपर्यंत प्रत्येकाची एक नळी असते. बाईची आखूड, पुरुषाची लांब. आपण 'आ' म्हणतो किंवा 'ई' म्हणतो तेव्हा त्या नळीच्या लांबीची खूण आवाजात उमटते. पुरुष कितीही वरच्या पट्टीत गायला तरी नळी काही आखूड होत नाही, त्यामुळे सोंग उघडं पडतं. आमच्याकडे एक यंत्र होतं. त्यात कागद गुंडाळलेला रूळ फिरे, एक सुई तो कागद जाळत जाई आणि आवाजाचा आलेख उमटे. दिवसभर प्रयोगशाळेत जळक्या कागदाचा वास असे.

अडचण एकच होती. १९१६ साली रेकॉर्डींचा वेग ठरलेला नव्हता. कुणी मिनिटाला बहात्तर फेऱ्यांनी कापत, कुणी पंचाऐंशी. आपण वाजवताना वेग चुकला, तर आवाज वर किंवा खाली सरकतो आणि त्याबरोबर नळीही आखूड किंवा लांब भासते. जास्त वेगात पुरुषाची बाई होते, कमी वेगात बाईचा पुरुष. म्हणजे खरा वेग कळल्याशिवाय बाकीचं सगळं फोल.

मला त्यावर युक्ती सुचली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. मंडळाकडे मास्टरांच्या म्हातारपणीची एक ध्वनिफीत होती, आकाशवाणीवरच्या आठवणींची. तिच्यात ते तीनदा स्वतःचं नाव घेतात. रेकॉर्डच्या शेवटीही तेच नाव आहे. माणूस म्हातारा झाला तरी नळीची लांबी फारशी बदलत नाही. तेव्हा मी कांबळ्यांना तबकडीचा वेग हळूहळू बदलायला लावला आणि रेकॉर्डमधल्या 'मास्टर'मधला 'आ' ध्वनिफितीतल्या 'आ'शी जुळला तिथे थांबले. वेग निघाला चौऱ्याहत्तर. मग त्या वेगानं सबंध पद वाजवून त्यातले सगळे 'आ' आणि 'ई' मोजले. ते नाव सांगणाऱ्या आवाजाशी तंतोतंत जुळले. अहवालात मी लिहिलं: गाणारी व्यक्ती आणि नाव सांगणारी व्यक्ती एकच आहे. ती व्यक्ती पुरुष आहे. खाली सही केली आणि विभागाचा शिक्का मारला.

निकाल ऐकायला सांगलीला जायचं ठरलं. मंडळाचं कार्यालय म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर नऊवारीतल्या मास्टर पुंडलिकांचा हार घातलेला मोठा फोटो, खाली त्यांचे दागिन्यांचे डबे, आणि काचेच्या कपाटात कंपनीची पेटी. अण्णासाहेब उत्साहानं एकेक वस्तू दाखवत होते.

"ही पेटी बघा, डॉक्टर. सगळ्या रेकॉर्डी हिच्याच साथीनं. मामा रंगभूमीवरून उतरले तेव्हापासून कपाटात आहे. कुणाला हात लावू देत नाही मी, दुरुस्तीलासुद्धा नाही."

यमुनाताई कोपऱ्यातल्या खुर्चीवर छत्री उभी धरून बसल्या होत्या. मी अहवाल वाचला. चार पानं होती, ती सगळी वाचली. आता वाटतं, शेवटची एक ओळ आधी वाचायला हवी होती. त्या चार पानांत त्यांनी एकदाही माझ्यावरची नजर काढली नाही.

"म्हणजे नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. मास्टर पुंडलिकच आहेत."

"बरं." त्यांनी टेबलावरची रेकॉर्ड उचलली, लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. "विचारलं म्हणून कळलं. आभारी आहे."

अण्णासाहेबांना जिंकल्यावर मोठेपणा सुचला. "बाई, तुमच्या मातुःश्रींचं योगदान आम्ही नाकारत नाही हं. कॅसेटच्या वेष्टनावर पदं बसवण्यात साहाय्य असं छापू."

"नको," यमुनाताई म्हणाल्या. "नसलेलं कशाला?"

आम्ही दोघी बरोबरच बाहेर पडलो, कारण दोघींच्या गाड्या एकाच स्टँडवरून सुटणार होत्या. मला उगीच अपराधी वाटत होतं आणि त्याचा रागही येत होता. मी काय त्यांच्या आईला रेकॉर्डमधून बाहेर काढलं होतं? ती तिथे नव्हतीच.

स्टँडवरच्या बाकावर टेकल्यावर त्या म्हणाल्या, "उत्तर कळलं. आता रीत सांगा."

"रीत?"

"गणिताला नुसत्या उत्तराचे मार्क देत नव्हते मी कधी. कसं काढलं ते सांगा."

मी सांगितलं. नळी, आलेख, वेग, आकाशवाणीची ध्वनिफीत. त्या मधे मधे थांबवून विचारत होत्या आणि त्यांचे प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे होते.

"म्हणजे चकतीचा वेग तुम्ही त्या शेवटच्या नावावरून धरला."

"हो. तेवढीच एक गोष्ट पक्की होती."

"कशी पक्की?"

"अहो, गाणारा स्वतःचं नाव सांगतोय त्यात."

"उल्काबाई, तीस वर्षं हजेरी घेतलीय मी. नाव पुकारलं की 'हजर' म्हणणारं पोर तेच असतं असं नाही हो. शेजारचं म्हणतं, भाऊ म्हणतो. एकदा तर आदल्या वर्षी शाळा सोडून गेलेल्या पोराची महिनाभर हजेरी लागली होती माझ्या वर्गात."

"पण गाणारा आणि नाव सांगणारा एकच आहे, हे मी सिद्ध केलंय," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. "पानं वाचली ना मी."

"ते खरं असेल," त्या म्हणाल्या. कोल्हापूरची गाडी लागली. त्या उठल्या, छत्री सावरली. "मी आपलं विचारलं. शाळेतल्या बाईची खोड जात नाही बघा." आणि गाडीत चढून गेल्या.

पुण्याच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. मनात त्यांना उत्तरं देत होते. मी सिद्ध केलंय, एकच व्यक्ती आहे, गाणारी आणि बोलणारी एकच. कराड गेलं. उंब्रज आलं. तिथे एक माणूस टोपलीभर पेरू घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला, आणि त्याला सरकून जागा देता देता मला माझी चूक दिसली.

एकच व्यक्ती होती, बरोबर. पण म्हणूनच, गाणारी जर तुळसाबाई असेल, तर नाव सांगणारीही तुळसाबाईच. मास्टरांच्या नावानं रेकॉर्ड करायची तर शेवटी नावही मास्टरांचंच सांगायला हवं. आणि मी त्या बाईचा 'आ' घेऊन, तो एका पुरुषाच्या 'आ'शी जुळेपर्यंत तबकडी मंद करत गेले होते. मीच तिला पुरुष केलं, आणि मग यंत्र लावून ती पुरुष असल्याचं शोधून काढलं. जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चालले होते. बी.एस्सी.च्या पोरीनंही करू नये अशी चूक होती ती. मला इतकी लाज वाटली की पेरूवाल्यानं देऊ केलेला पेरू मी मुकाट्यानं घेतला आणि पुण्यापर्यंत हातात धरून बसले.

अर्थात ह्यावरून तुळसाबाई गायल्या असंही ठरत नव्हतं. एवढंच ठरत होतं की मला काही माहीत नाही. वेग काढायला हवा होता, आणि तोही त्या नावाला हात न लावता.

दोन दिवसांनी उत्तर सापडलं, ते साधंच होतं. रेकॉर्डमध्ये पेटी होती.

वेग बदलला की पेटीचे सगळे सूर एकदम वर किंवा खाली जातात, पण एका सुरापासून दुसऱ्या सुराचं अंतर बदलत नाही. आणि त्या पदातल्या पेटीचा धैवत चढा होता. वरचा रिषभ किंचित उतरलेला होता. कुठल्याही वेगानं वाजवा, ते दोष तसेच राहत. म्हणजे ती पेटी तिच्या दोषांवरून ओळखता येणार होती. ती सापडली, तर तिचा सूर प्रत्यक्षात किती उंच आहे हे मोजायचं, रेकॉर्डमधला सूर तिथे पोचेपर्यंत वेग बदलत न्यायचा, आणि झालं. पेटी कुठे आहे हे तर मला माहीतच होतं.

मी पुन्हा सांगलीला गेले. बरोबर टेपरेकॉर्डर घेतला. ह्या वेळी त्याच्या वेगावरही विश्वास ठेवला नाही, आधी ट्यूनिंग फोर्क वाजवून टेपवर घेतला.

अण्णासाहेब चकित झाले. "आता काय राहिलं? निकाल लागलाय ना?"

"मोजमापात एक गोष्ट राहिलीय. पेटीची प्रत्येक पट्टी एकदा वाजवून घ्यायची आहे."

"आपल्या बाजूनंच ना?" ते हसून म्हणाले.

मी हसले नाही. "अण्णासाहेब, मी वेग चुकीच्या रीतीनं काढला होता. पेटीवरून बरोबर निघेल. तो कुणाच्या बाजूनं जाईल ते मला आत्ता माहीत नाही."

त्यांचं हसू गेलं. किल्ली त्यांच्याच हातात होती. नाही म्हणाले असते तर मी काही करू शकले नसते. पण आयुष्यभर कोर्टात उभा राहिलेला माणूस होता. त्यांनी मामांच्या फोटोकडे एकदा बघितलं आणि कपाट उघडलं. भाता त्यांनी स्वतः मारला. मी एकेक पट्टी दाबत गेले.

पुण्याला येऊन मी एकेका पट्टीला षड्ज धरून बघितलं. काळी एक, काळी दोन, पांढरी तीन. काळी चारला षड्ज धरला तेव्हा धैवत चढा निघाला, वरचा रिषभ उतरलेला निघाला, आणि दोन्ही रेकॉर्डमधल्याइतकेच. तीच पेटी होती. कांबळ्यांनी रेकॉर्डचा वेग वाढवत नेला. चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. रेकॉर्डमधला षड्ज पेटीच्या काळी चारला भिडला तेव्हा काटा चौऱ्याऐंशीवर होता.

त्या वेगानं मी पुन्हा सगळे 'आ' आणि 'ई' मोजले. कागद जळत होता आणि आलेखावरच्या रेघा पहिल्यापेक्षा वर सरकलेल्या मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. मोजपट्टी टेकवून बघायची गरजच नव्हती, तरी मी टेकवली. ती बाई होती.

विभागप्रमुख सबनीस सरांना सांगितलं. ते म्हणाले, "सही-शिक्क्याचा अहवाल मागे घेतेस? पुढच्या महिन्यात तुझी मुलाखत आहे, लक्षात आहे ना?" मी म्हटलं आहे. नवा अहवाल मंडळाला पाठवला, पहिला कसा चुकला ते एक पानभर लिहून. मुलाखतीत त्या पानाबद्दलच सर्वांत जास्त विचारलं गेलं आणि ती जागा मला मिळाली नाही. त्याला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. पुढे दुसरी मिळाली, तेव्हा त्याचं फार काही नाही.

मंडळाकडून आठ दिवसांत उत्तर आलं. अण्णासाहेबांच्याच अक्षरात होतं. निष्कर्ष मान्य आहे. तथापि कॅसेट मास्टर पुंडलिकांची असल्यानं ते पद तीतून वगळण्यात येत आहे. अन्य व्यक्तीच्या नावे ते प्रसिद्ध करणं मंडळाच्या उद्दिष्टात बसत नाही.

कोल्हापूरला मंगळवार पेठेत यमुनाताईंच्या दोन खोल्या होत्या. मी दुपारी पोचले. त्या सुपात मेथी निवडत बसल्या होत्या. मी येणार हे कळवलं होतं, का ते कळवलं नव्हतं. पत्रात लिहायला धीर झाला नव्हता.

"चहा आधी की रीत आधी?" त्यांनी विचारलं.

मी टेपरेकॉर्डर चटईवर ठेवला. एस.टी.त जुळवून आणलेली सगळी वाक्यं विसरले. "मी चुकले होते," म्हटलं. "तुमचं हजेरीचं बरोबर होतं. वेग चौऱ्याऐंशी आहे. गाणारी बाई आहे."

त्यांचे हात मेथीत थांबले. "कुठली बाई?"

"ते यंत्र सांगू शकत नाही. बाई आहे एवढंच सांगतं. तुमच्या आईचा दुसरा आवाज कुठे नाही, मग जुळवू कशाशी? कंपनीत तेव्हा दुसऱ्या बायका होत्या का, तेही मला माहीत नाही."

"होत्या दोघी-तिघी."

"मग मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "एकदा सांगून बसलेय."

मी टेप सुरू केली. ती पदाच्या शेवटाशी लावलेली होती, कारण माझी चूक तिथे होती आणि आधी तीच दाखवावी असा माझा बेत होता. शेवटची तान संपली, खरखर आली, आणि योग्य वेगातलं ते नाव पहिल्यांदा त्या खोलीत उमटलं. "मास्टर पुंडलिक." अर्ध्या सेकंदात संपलं. शेवटचा 'क' तर जवळजवळ गिळलेलाच. तो मला आलेखातही सापडला नव्हता. मी तो रेकॉर्डच्या झिजेवर ढकलला होता.

"परत लावा."

मी परत लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळी यमुनाताई हसल्या. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून खांदे हलेपर्यंत. मला वाटलं त्या रडताहेत, मी उठले, तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं.

"खोटारडी," त्या म्हणाल्या. "काय खोटारडी बाई हो ही! दारावर कुणी यायचं, बाई, गणपतीत जरा म्हणाल का. ही म्हणायची, 'घसा बसलाय.' अस्सं. एका दमात, आणि शेवटचं अक्षर बाहेर पडायच्या आत दार लावायची. मला सांगायची, मला खोटं बोलता येत नाही गं, म्हणून लवकर उरकते. जन्मभर ऐकलंय मी हे. शाळेत कुणी वडलांचं नाव विचारलं तरी अशीच सांगायची." त्यांनी डोळे पुसले. "गाणं नाही ओळखता येत मला तिचं. पण ही थाप तिचीच."

आता यंत्रानं सांगायचं काही उरलं नव्हतं. मी टेप बंद केली. अण्णासाहेबांच्या पत्राबद्दल सांगणं भाग होतं, ते सांगितलं. पद वगळलंय, आईंचं नाव कुठे येणार नाही.

"राग येतोय मला," यमुनाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच लाल झाला होता. "चांगलाच येतोय. पत्र लिहीन मी त्यांना, सोडणार नाही. पण ते उद्या. आता गाणं लावा. पहिल्यापासून."

मी टेप मागे घेतली आणि सुरुवातीपासून लावली. त्यांनी सूप बाजूला सारलं, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तीन मिनिटं जमिनीकडे बघत ऐकत राहिल्या. मधे एकदा, आवाज वर जाऊन तिथेच राहिला तेव्हा, त्यांची मान किंचित वर झाली. शेवटी नाव आलं. ह्या वेळी त्या हसल्या नाहीत.

मी बटण दाबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडी घासत होतं.

"चांगली गायची हो आई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "की मलाच वाटतंय तसं? तुम्ही शिकलेल्या आहात गाण्यातलं. तुम्हाला काय वाटलं?"

दोन महिन्यांत मी ते पद शंभरएक वेळा तरी वाजवलं असेल. त्यातल्या प्रत्येक 'आ'चे आकडे मला पाठ होते. पण गाणं कसं आहे, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"परत लावते," मी म्हटलं, आणि त्यांच्या शेजारी चटईवर बसले.